बाकडं टिकतं कशानं?

पनवेल म्हटलं की आता एक्स्प्रेस-वे, विमानतळ आणि फार्महाऊसच्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. दीडशे वर्षांपूर्वी या गावाची ओळख वेगळी होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. मुंबईहून मचव्यांतून आलेला माल पनवेल बंदरात उतरायचा आणि बैलगाड्यांवर चढून घाटाकडे निघायचा. गाड्या इतक्या, की त्यांची मोडकी चाकं बदलणं हाच एक मोठा उद्योग होऊन बसला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली आणि बंदराची रया हळूहळू गेली, तरी त्यानंतर लिहिलेल्या गॅझेटियरांत पनवेलचा ठळक धंदा म्हणून गाडीची चाकं बनवण्याचीच नोंद सापडते.

चाक ही लाकडाची सगळ्यात हालअपेष्टा सोसणारी वस्तू. चिखलात रुतायचं, घाटात आपटायचं, वैशाखात तापायचं आणि आषाढात भिजायचं. ना छप्पर, ना पॉलिश. तरी सुताराच्या हातचं चांगलं चाक वर्षानुवर्षं चालायचं. याच पनवेलच्या आसपास आज शेतघराच्या अंगणात ठेवलेलं महागडं लाकडी बाकडं दुसऱ्या पावसाळ्यात डुगडुगायला लागतं आणि तिसऱ्यात त्याचा पाय हातात येतो. लाकूड हलकं निघालं, असं म्हणून मालक मोकळा होतो. बऱ्याचदा लाकूड बरं असतं. बाकडं कोरड्या हवेच्या गावात, घरात ठेवण्यासाठी जोडलेलं असतं, आणि पनवेलला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

म्हणून उघड्यावरच्या लाकडाबद्दल पहिला प्रश्न ‘कोणतं लाकूड?’ हा नाही. ‘पाणी कुठे थांबतं?’ हा आहे. लाकूड भिजल्यानं सडत नाही, भिजलेलं राहिल्यानं सडतं. सडवते ती बुरशी. तिला ऊब लागते, हवा लागते आणि लाकडात वजनाच्या साधारण वीस टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. ऊब आणि हवा कोकणात बारा महिने फुकट. उरला ओलावा, आणि तेवढाच आपल्या हातात आहे. कुंपणाचा खांब नेमका जमिनीलगत कुजतो, वर नाही आणि खोलवरही नाही, त्याचं कारण हेच. वर तो वाळतो, खोल मातीत हवा कमी, आणि जमिनीच्या रेषेवर दोन्ही मुबलक.

याचा भव्य दाखला मुंबईतच घडला. वाडिया घराण्यानं मुंबईच्या गोदीत मलबारी सागातून बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या बंदरात तरंगतं आहे. दोनशे वर्षांपूर्वीचं ते लाकूड बरंचसं शाबूत, आणि आपल्या पागोळीखाली ठेवलेलं स्टूल तीन वर्षांत भुसभुशीत. साग चांगला हे खरंच, पण जहाज बांधणाऱ्यांना पाणी कुठे अडवायचं आणि कुठून वाहू द्यायचं, हे त्याहून चांगलं कळत होतं.

लाकडाच्या टिकाऊपणाची परीक्षा आपल्याकडे शास्त्रशुद्ध झालेली आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे मातीत अर्धे गाडून ठेवतात आणि ते किती दिवसांनी वाळवी-बुरशीच्या स्वाधीन होतात ते पाहतात. या प्रयोगाला ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ म्हणतात, म्हणजे दफनभूमीच. भारतीय मानकानुसार सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं ते पहिल्या वर्गाचं, ६० ते १२० महिने टिकलं ते दुसऱ्या आणि त्याआधीच गेलं ते तिसऱ्या वर्गाचं लाकूड. साग पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्या. पण हे वर्ग गाभ्याच्या लाकडाचे आहेत. सालीलगतचा पांढरट, कोवळा भाग सागाचा असला तरी तो वाळवीला आंब्याइतकाच गोड लागतो. बाजारात ‘सागवान’ म्हणून मिळणाऱ्या कोवळ्या झाडाच्या फळीत निम्मा पांढरा भाग असतो. अशा फळीपेक्षा जुन्या फणसाचा पिवळा गाभा केव्हाही बरा.

पनवेलच्या परिसरात काय मिळतं? कर्नाळा, प्रबळगड, माथेरानच्या उतारांवरचं जंगल पानगळीचं आणि निमसदाहरित. त्यात साग, ऐन, किंजळ, हेद, खैर, जांभूळ, शिवण, सावर. ऐन आणि किंजळ ही कोकणातल्या घरांची खरी लाकडं. वासे, तुळया, दाराच्या चौकटी, सगळं त्यांचंच. जड, कडक आणि रंध्याला नको म्हणणारं लाकूड. चाकं आणि गाडीच्या दांड्यांसाठी तिवस वाखाणला जायचा, कारण तो चिवट. धक्का बसला की तुटण्याऐवजी लवतो. घाटावर तेच काम बाभळीनं केलं.

हे ऐकून कुणी कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे निघू नये. कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि अभयारण्यातून वाळलेली काटकीही उचलता येत नाही. खासगी मालकीच्या जमिनीवर १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, हेद, तिवस, बिबळा, अंजन, चंदन, मोह, हिरडा यांच्याबरोबर आंबा, फणस, चिंच आणि जांभूळही आहेत, कांदळवन तर आहेच. म्हणजे आपल्याच परसातला आंबा आपणच लावलेला असला, तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. तिच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण येतं. तोडलेलं लाकूड ट्रकमध्ये घालून न्यायचं तर बहुतेक जातींना वनखात्याचा वाहतूक पास हवा. गावाकडे त्याला ‘टीपी’ म्हणतात. कोणत्या जाती पासातून सुटल्या आहेत ती यादी बदलत असते, तेव्हा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

या भागात लाकूड तोडण्याचा प्रश्न कधीच निव्वळ सुतारकीचा नव्हता. २५ सप्टेंबर १९३० रोजी शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरला आगरी, कोळी, कातकरी, ठाकर गावकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले, ते सरकारनं हिरावलेल्या जंगलावरचा हक्क सांगायला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, सत्याग्रही हुतात्मे झाले, एक मामलेदारही त्या गोंधळात मेला. चिरनेरच्या स्मारकाशी उभं राहिलं की आपल्या बाकड्यासाठीचा परवानगीचा अर्ज फार त्रासाचा वाटत नाही.

खरी गोष्ट अशी, की बाकड्यासाठी झाड पाडायची गरजच क्वचित पडते. पडलेलं लाकूड पुरून उरतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा जिल्हाभर आंबे, फणस, माड आडवे झाले. त्यातलं बरंचसं लाकूड जळणात गेलं, कारण ओंडका ओला असतानाच काय करायचं हे कुणाला सुचत नाही आणि वाळल्यावर तो फाटलेला असतो. दर पावसाळ्यात रस्त्याकडेला एखादा गुलमोहर किंवा वर्षावृक्ष कोसळतोच. गुलमोहर सोडून द्या, तो ठिसूळ. वर्षावृक्षाकडे मात्र नीट पाहा. विलायती शिरीष, रेन ट्री, अशी त्याची नावं. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. खोड प्रचंड, गाभा चॉकलेटी, त्यावर काळसर रेघा. पण त्याचा खरा गुण असा, की वाळताना तो फार कमी आकसतो. हवाई बेटांवर याच झाडाला ‘मंकीपॉड’ म्हणतात आणि त्याचे वाडगे ओल्या लाकडातून कोरून विकण्याचा मोठा धंदा तिथे उभा राहिला. कोरलेला वाडगा वाळला तरी सहसा तडकत नाही. आपल्याकडे हेच लाकूड पालिकेचे लोक तुकडे करून ट्रॉलीत भरतात. कापताना त्याचा भुसा नाकातोंडाला झोंबतो, तेवढा रुमाल बांधावा.

दुसरा उपेक्षित म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. सामाजिक वनीकरणात कोकणभर ती लावली गेली. पक्ष्यांना तिचा फारसा उपयोग नाही म्हणून पर्यावरणवाले तिच्यावर नाराज असतात, आणि ते बरोबरच आहे. पण तिचं लाकूड घट्ट, तपकिरी आणि बाहेरच्या कामाला चालणारं. मॉलमध्ये ‘अकेशिया वुड’ अशी चिठ्ठी लावून विकायला असतं ते व्हिएतनामचं फर्निचर बहुतेकदा याच झाडाचं किंवा त्याच्या सख्ख्या भावाचं. समुद्र ओलांडून आलेलं आपण विकत घेतो आणि दारातलं चुलीत घालतो.

आंब्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सहज मिळणारं लाकूड तेच. पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचा ओंडका आठवड्याभरानं पाहा. कापलेल्या टोकावर निळसर-काळे पट्टे उमटलेले असतात, सालीच्या फटीतून पिठासारखा बारीक भुसा गळत असतो. निळा रंग एका बुरशीचा. ती लाकडाची ताकद फारशी घटवत नाही, रूप मात्र घालवते. भुसा पाडणारे भुंगेरे वेगळे. त्यांना लाकडातलं पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च हवं असतं, आणि आंब्यात ते भरपूर. म्हणून जुने लोक आंब्याचा ओंडका तळ्यात किंवा खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने बुडवून ठेवत. पाण्यात स्टार्च विरघळून, कुजून निघून जातं आणि किड्याला खायला काही उरत नाही. लाकूड, विशेषतः बांबू, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा ही समजूत कोकणात आहे. चंद्राचं मला ठाऊक नाही, पण पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेल्या बांबूत स्टार्च कमी असतो, हे मात्र खरं. त्यामुळे तिथीपेक्षा ऋतू पाळावा.

भिजवणं शक्य नसेल तर निदान साल त्याच दिवशी उतरवावी. अंगणात ‘रानटी’ दिसावं म्हणून सालीसकट ओंडके मांडायची फॅशन आहे. फोटो चांगला येतो. साल आणि लाकूड यांच्या मधला ओला, गोड थर म्हणजे किड्यांची खानावळ. तिथे अंडी घातली गेली की वर्षभरात साल गळते आणि खाली भोकांची जाळी दिसते. रांगडेपणा हवा असेल तर साल काढून ओंडक्याचा मूळ वाकडातिकडा कडेचा आकार तसाच ठेवावा. तोच जास्त देखणा दिसतो. जपानी वंशाचे अमेरिकन सुतार जॉर्ज नाकाशिमा यांनी फळीची नैसर्गिक कड न कापता टेबलं केली आणि जगभर ती शैली मान्य झाली. हे गृहस्थ १९३० च्या दशकात पुदुच्चेरीत ‘गोलकोंड’ या इमारतीच्या कामासाठी राहिले होते. फळीला तडा असेल तर ते लपवत नसत, फुलपाखराच्या आकाराची लाकडी चकती आडवी बसवून तडा पुढे जाणं थांबवत.

तडे का जातात, हे एकदा समजलं की निम्मं काम सोपं होतं. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत थोडं आकसतं आणि वर्तुळांच्या दिशेत त्याच्या सुमारे दुप्पट. अख्ख्या गोल ओंडक्यात घेर जास्त लहान होऊ पाहतो आणि आतला भाग त्याला तेवढं लहान होऊ देत नाही. मग कुठेतरी फाटावंच लागतं. त्यामुळे अख्खा ओंडका वाळवून न फाटण्याची वाट पाहणं व्यर्थ. तो मधोमध उभा फाडून दोन फाळ्या कराव्यात, किंवा ओंडकाच वापरायचा असेल तर न दिसणाऱ्या खालच्या बाजूनं गाभ्यापर्यंत करवतीची एक उभी चीर द्यावी. ताण त्या चिरेत मोकळा होतो आणि दर्शनी बाजू शाबूत राहते. टोकाकडून ओलावा सर्वांत वेगानं निसटतो, म्हणून कापल्या कापल्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट, मेण किंवा फेविकॉल जाडसर फासावा. या पाच मिनिटांच्या कामानं फळीचा वीतभर तुकडा वाचतो.

ओली लाकडं वखारीत रचतात तशी रचावीत. जमिनीपासून हात-दीड हात वर, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वर पत्रा, आणि बाजूंनी मोकळी हवा. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, उबतं. ऑक्टोबरला रचलेल्या दोन इंची फळ्या मे महिन्यापर्यंत बाहेरच्या बाकड्यापुरत्या वाळतात. घरातल्या कपाटाला हे पुरणार नाही, पण आपल्याला कपाट करायचं नाही.

बरं, वाळलेलं लाकूड पुढे गप्प बसतं असंही नाही. कोकणात मे महिन्यातलं बाहेरचं लाकूड आणि ऑगस्टमधलं तेच लाकूड यांच्यातल्या ओलाव्यात पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो. हिशेब केला तर फूटभर रुंदीची फळी या दोन महिन्यांत तीन-चार मिलिमीटरनं कमीजास्त होते. आता चार फळ्या मे महिन्यात एकमेकींना घट्ट भिडवून, दोन्ही कडांना खिळे मारून टाका. जुलैत त्या एक तर कमान धरतात नाही तर खिळे उपटतात. म्हणून उन्हाळ्यात जोडताना दोन फळ्यांमध्ये करंगळीभर फट सोडावी. तिच्यातून पाणी वाहून जातं, फुगण्याला जागाही मिळते.

चाकवाल्या सुतारांनी हेच आकसणं कामाला लावलं होतं. चाकाच्या लाकडी घेरावर बसवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, ते घेरापेक्षा किंचित लहान करत. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची, लाकडातून धूर निघतोय तोवर पाणी ओतायचं. धाव आकसली की आरे, तुंबा, घेर, सगळे सांधे एकदम करकचून आवळले जात. खिळा नाही, सरस नाही. सुताराची कारागिरी आणि लोहाराची आग यांनी मिळून केलेलं ते काम.

बाकड्याच्या पायांनाही तीच युक्ती लावता येते, आगीशिवाय. पायाचं टोक गोल तासून त्याचं कुसू करायचं आणि ते खडखडीत वाळवायचं. एप्रिलमध्ये पत्र्यावर आठ-दहा दिवस ठेवलं तरी पुरतं. बैठकीची फळी मात्र त्यामानानं थोडी ओलसर असावी. तिला भोक पाडून त्यात कोरडं कुसू ठोकलं, की पुढच्या काही दिवसांत कुसू हवेतला ओलावा घेऊन फुगतं आणि फळी वाळून भोक आवळतं. सांधा दोन्हीकडून घट्ट होतो. इंग्लंडात हाय वायकमच्या आसपासच्या बीच झाडांच्या रानांत ‘बॉजर’ म्हणवणारे कारागीर झाडाखालीच पाल ठोकत आणि ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय पायानं चालवायच्या लेथवर तासत. गावातले खुर्चीवाले ते वाळवून बैठकीत ठोकत. विंडसर खुर्ची म्हणून जी प्रसिद्ध आहे ती या हिशेबावर उभी आहे.

आता प्रत्यक्ष बाकडं. साडेतीन-चार हात लांबीची, दोन ते अडीच इंच जाडीची एक फाळी घ्यावी, रुंदी फूट-सव्वा फूट. गोल बाजू खाली, सपाट बाजू वर. बैठक जमिनीपासून ४२ ते ४५ सेंटीमीटर उंच असली की लहानथोर सगळ्यांचे पाय टेकतात. वयस्कर माणसांसाठी करायचं तर दोन बोटं वाढवावीत, उठताना गुडघे दुआ देतात. पाय चार, मनगटाएवढे जाड, ऐन किंवा बाभळीचे, वरून खाली थोडे बाहेर फाकलेले. सरळ उभ्या पायांचं बाकडं बाजूला रेललं की सांध्यावर सगळा भार येतो. भोक साधारण दीड इंची गिरमिटानं पाडावं, फळीच्या कडेपासून निदान तीन बोटं आत.

इथे एक पेच आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. सुतार कुसू फळीच्या आरपार काढतो, वरून चीर देऊन तीत पाचर ठोकतो आणि वर आलेलं टोक सपाट करतो. पाचर फळीच्या रेषांना आडवी बसली पाहिजे. रेषांना समांतर ठोकली तर फळी सरळ दुभंगते. घरातल्या स्टुलाला हा सांधा उत्तम. बाहेरच्या बाकड्याला मात्र बैठकीवर चार ठिकाणी लाकडाची उघडी टोकं आभाळाकडे तोंड करून राहतात. टोकाचं लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाऊस पडला की पाणी त्या नळ्यांतून सांध्याच्या पोटात जातं आणि तिथेच राहतं. तिसऱ्या वर्षी पाय हातात येतो तो याच वाटेनं. म्हणून भोक खालून पाडावं आणि फळीच्या वरच्या अर्ध्या इंचावर थांबावं. पाचर कुसवाच्या चिरेत आधीच अर्धवट खोचून ठेवायची. पाय ठोकला की भोकाच्या तळाला टेकून ती आत घुसते आणि कुसू आतल्या आत रुंदावतं. एकदा ठोकलं की ते परत निघत नाही, त्यामुळे आधी कोरडं बसवून चारही पाय जमिनीला टेकतात का ते पाहून घ्यावं.

बैठक पूर्ण सपाटही ठेवू नये. रंध्यानं ती एका बाजूला किंचित उतरती करावी, दोन-तीन मिलिमीटरचा उतार डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला कळतो. कडा कानशीनं गोल कराव्यात. धारदार कडेवर तेल धरत नाही आणि मांडीलाही ती लागते. पाठ हवीच असेल तर तिच्या उभ्या काठ्यांची वरची टोकं तिरपी कापावीत.

खिळे वापरायचेच तर साधे लोखंडी नकोत. साग, ऐन, खैर, बाभूळ यांत टॅनिन भरपूर असतं, ओल्या लोखंडाशी गाठ पडली की काळी शाई तयार होते आणि ती फळीवर ओघळते. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. खाडीकडच्या खाऱ्या हवेत तर स्टीलच.

पाय मातीवर ठेवू नयेत. प्रत्येक पायाखाली एक काळा दगड. पनवेलच्या आसपास खडी-दगडाच्या खाणी आहेत, तिथे हवा तसा तुकडा मिळतो. जांभा दिसायला छान, पण तो सच्छिद्र असतो, पाणी शोषून पायाला पाजत राहतो. दगडामुळे वाळवीलाही वर चढताना उघड्यावर मातीची नळी बांधावी लागते आणि ती आपल्याला दिसते. रोज झाडू मारणाऱ्या माणसानं ती नळी मोडली, तरी बरंच झालं.

वरून काय लावायचं, यावर प्रत्येक सुताराचं वेगळं मत असतं. माझं मत व्हार्निशच्या विरुद्ध आहे. चकचकीत पापुद्रा पहिल्या वर्षी शोभतो. लाकूड फुगतं-आकसतं, पापुद्र्याला ते जमत नाही, त्याला बारीक चिरा पडतात, पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याखाली अडकतं. मग तो खरवडून काढताना हाताला फोड येतात. त्यापेक्षा जवसाचं उकळलेलं तेल थोड्या टर्पेंटाइनमध्ये मिसळून फडक्यानं चोळावं. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीनंतर. ते फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून मग टाकावं.

कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावतात. बुरशी-वाळवीला ते अजिबात रुचत नाही. पण ते बिब्ब्याच्या कुळातलं, अंगाला लागलं तर फोड उठतात, तेव्हा बैठकीला नको. पायांच्या तळाला ते किंवा डांबर चालेल. गाडीचं काढलेलं काळं ऑइल बरेच लोक फासतात. कुंपणाला फासा, पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतराखाली नको.

तेल न लावताही चांगल्या गाभ्याचं लाकूड टिकतं, फक्त त्याचा रंग जातो. उन्हातली अतिनील किरणं लाकडाला बांधून ठेवणारं लिग्निन पृष्ठभागावरून खातात आणि वर्ष-दोन वर्षांत फळी राखाडी होते. तो रंग म्हणजे सडणं नव्हे. नखानं दाबून पाहावं. नख रुतलं तर काळजी करावी.

बांबूचं बाकडं करायचा मोह अनेकांना होतो आणि कायदाही आता आड येत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. कुडाळला २००४ पासून काम करणाऱ्या कोनबॅक या संस्थेनं कोकणी बांबूची घरं आणि फर्निचर दूरवर पोहोचवलं आहे. पण बांबूला मुरवतात ते बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी उघड्या पावसात धुऊन जातं. त्यामुळे बांबू पडवीत, पागोळीच्या आत. अंगणात लाकूडच.

आणि लाकडी बाकड्याच्या पायाची लांबी सुरुवातीलाच दोन बोटं जास्त ठेवावी. कितीही जपलं तरी आठ-दहा वर्षांनी तळ मऊ पडतो. तेव्हा चारही पाय करवतीनं तेवढेच कापून, नव्या टोकांना डांबर लावून बाकडं परत दगडांवर ठेवता येतं.